अदृश्य किरणांना दृश्य करणारा रँग्लर

जिवंत पेशीत एखादे प्रथिन नेमके कोठे आहे आणि ते कोठून कोठे जाते, हे आज जगभरातील प्रयोगशाळांत प्रत्यक्ष पाहता येते. जेलीफिशपासून मिळालेले हरित प्रतिदीप्त प्रथिन त्याला जोडले, की सूक्ष्मदर्शकाखाली ते हिरवे उजळते. या कामाबद्दल ओसामु शिमोमुरा, मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांना २००८ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र, प्रकाशाच्या ज्या गुणधर्मावर हे तंत्र उभे आहे, त्याचे मर्म सुमारे दीडशे वर्षे आधी केंब्रिजमधील एका मितभाषी गणितज्ञाने उलगडले होते. त्यांचे नाव सर जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स.

स्टोक्स यांचा जन्म १३ ऑगस्ट १८१९ रोजी आयर्लंडमधील स्लायगो परगण्यातील स्क्रीन या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. डब्लिन आणि ब्रिस्टल येथील शिक्षणानंतर १८३७ मध्ये ते केंब्रिजच्या पेम्ब्रोक महाविद्यालयात दाखल झाले आणि १८४१ मध्ये सीनिअर रँग्लर ठरले. पुढे १८९९ मध्ये र. पुं. परांजपे यांनी हाच मान मिळविला, तेव्हा न्यूटन यांनी एकेकाळी भूषविलेल्या ल्युकेशियन प्राध्यापकपदावर स्टोक्सच होते. १८४९ मध्ये स्वीकारलेले हे पद त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. द्रवांच्या प्रवाहाची त्यांची समीकरणे आजही अभियंत्यांच्या नित्य वापरात आहेत.

१८५२ मध्ये त्यांचे लक्ष कुनैनच्या द्रावणाकडे गेले. हे द्रावण पाण्यासारखे स्वच्छ असते. पण उन्हात धरल्यास त्याच्या पृष्ठभागाशी निळसर झाक दिसते. जॉन हर्शेल यांनी १८४५ मध्ये तिचे वर्णन केले होते, मात्र कारण उमगले नव्हते. स्टोक्स यांनी अंधाऱ्या खोलीत फटीतून सूर्यप्रकाश घेतला, लोलकाने त्याचे सप्तरंग पसरविले आणि कुनैनची नळी तांबड्याकडून जांभळ्या टोकाकडे सरकवीत नेली. बहुतेक रंगांत काहीच घडले नाही. जांभळ्याच्या टोकाशी आणि त्याही पलीकडे, जेथे डोळ्यांना केवळ काळोख दिसतो, तेथे मात्र नळी निळी उजळली. द्रावण अदृश्य अतिनील किरण शोषून अधिक तरंगलांबीचा दृश्य प्रकाश बाहेर टाकत होते. फ्लूरस्पार या खनिजावरून स्टोक्स यांनी या आविष्काराला फ्लूरोसन्स हे नाव दिले. मराठीत आपण त्याला प्रतिदीप्ती म्हणतो. याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना रम्फर्ड पदक दिले.

प्रकाशाच्या साह्याने सजीवांतील पदार्थ ओळखता येतील, हे त्यांनी लवकर हेरले. १८६४ मध्ये त्यांनी रक्ताच्या द्रावणात ऑक्सिजन काढून घेणारा लोहक्षार मिसळला. वर्णपटातील दोन काळ्या पट्ट्यांच्या जागी एकच पट्टा उरला. हवेशी घुसळताच दोन्ही पट्टे परतले. रक्तातील रंगद्रव्य ऑक्सिजन घेते आणि सोडते, याचा हा डोळ्यांदेखत मिळालेला पुरावा होता. पानांतील हरितद्रव्य हे एक नसून दोन हिरव्या व दोन पिवळ्या द्रव्यांचे मिश्रण असल्याचेही त्यांनी सांगितले. त्यांतील हिरव्या द्रव्यांची लाल प्रतिदीप्ती त्यांनी नोंदविली.

एवढी प्रतिभा लाभूनही त्यांचे स्वतःचे संशोधन पुढे मंदावले. १८५४ ते १८८५ अशी ३१ वर्षे ते रॉयल सोसायटीचे चिटणीस होते. इतरांचे निबंध तपासणे, चुका सुधारणे आणि नव्या दिशा सुचविणे यांत त्यांचा बराचसा वेळ गेला. सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषांवरून तेथील मूलद्रव्ये ओळखता येतील, ही कल्पना त्यांनी किरखॉफ यांच्या १८५९ मधील शोधापूर्वी लॉर्ड केल्व्हिन यांना बोलून दाखविली होती. पण ती प्रसिद्ध केली नाही. केल्व्हिन त्या श्रेयासाठी आग्रह धरीत राहिले, तरी स्टोक्स यांनी ते कधी स्वीकारले नाही. निर्णायक पाऊल आपण टाकले नव्हते, असे ते प्रांजळपणे मान्य करीत.

१८८५ ते १८९० या काळात ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १८८७ ते १८९२ दरम्यान त्यांनी केंब्रिज विद्यापीठाचे संसदेत प्रतिनिधित्व केले आणि १८९३ मध्ये त्यांना कॉप्ली पदक मिळाले. १ फेब्रुवारी १९०३ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर ५९ वर्षांनी, १९६२ मध्ये, शिमोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेलीफिशमधील हिरव्या प्रथिनाची नोंद प्रसिद्ध केली. ते मुख्यतः ३९५ नॅनोमीटरचा प्रकाश शोषते आणि ५०९ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश बाहेर टाकते. या दोहोंमधील अंतराला स्टोक्स विस्थापन म्हणतात. त्या अंतरामुळेच सूक्ष्मदर्शकातील गाळणी पेशीवर टाकलेला प्रखर प्रकाश अडवते आणि पेशीतून येणारा मंद हिरवा प्रकाश तेवढा पुढे जाऊ देते. हे अंतर नसते, तर तो हिरवा ठिपका दिव्याच्याच झगमगाटात हरवला असता. श्रेयाबाबत आयुष्यभर निरपेक्ष राहिलेल्या स्टोक्स यांचे नाव असे जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत रोज घेतले जाते.