विषातून औषधाची वाट दाखवणारे प्राध्यापक रोशा इ सिल्वा

घोणस चावलेल्या माणसाचा रक्तदाब कधी कधी एकदम खाली जातो, हे तुम्ही दवाखान्यात ऐकलं असेल. विष अंगात जाऊन असं काय करतं? या प्रश्नाच्या मागं लागलेले एक प्राध्यापक ब्राझीलमध्ये होऊन गेले, मौरिसिओ रोशा इ सिल्वा. आज तुमच्या घरात कोणी बीपीची गोळी घेत असेल, तर त्यांची ही हकिकत तुमच्या कामाची आहे.

त्यांचा जन्म १९१० चा, रिओ द जानेरोचा. शिकले डॉक्टरकी, पण रमले प्रयोगशाळेत. साओ पाउलोच्या ज्या संस्थेत ते नोकरीला लागले, ती १९२७ मध्ये कॉफीच्या फळात शिरणाऱ्या किडीच्या बंदोबस्तासाठी निघाली होती. म्हणजे संस्था शेतीची, अन् तिथंच हे मोठं काम झालं.

ब्राझीलच्या शेतमळ्यांत जराराका नावाचा साप फार. आपल्या घोणस-फुरशाच्याच कुळातला. १९४८ मध्ये रोशा इ सिल्वा, बेराल्डो आणि रोझेनफेल्ड या तिघांनी त्याचं विष कुत्र्याला टोचलं आणि त्या कुत्र्याचं रक्त गिनीपिगच्या आतड्याच्या तुकड्यावर सोडून पाहिलं. आतडं आकसलं, पण सावकाश. नेहमीच्या ओळखीचं हिस्टामिन असावं म्हणावं, तर त्याच्यावरचं औषध घालूनही आकसणं थांबेना. मग उलगडलं ते असं, की हे द्रव्य विषातलं नव्हतंच. आपल्याच रक्तातल्या एका प्रथिनातून विषानं ते सुटं केलं होतं. त्यानं रक्तवाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो. आतडं हळू हललं म्हणून नाव ठेवलं ब्रॅडिकायनिन. शोधनिबंध १९४९ मध्ये छापून आला.

त्याच १९४८ सालची आणखी एक गोष्ट. साओ पाउलोच्या राज्यपालांचा बेत होता, की सापांच्या विषावर काम करणाऱ्या बुतांतान संस्थेनं नुसतं सीरम बनवावं, संशोधन कशाला! शास्त्रज्ञ चिडले. त्यातूनच विज्ञानाच्या प्रगतीसाठी त्यांची देशव्यापी संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांत रोशा इ सिल्वा होते. सीरम हवंच, त्यानं जीव वाचतो. पण त्या दिवसांत संशोधन बंद पडलं असतं तर पुढची गोळी कुठून आली असती, सांगा बरं?

१९५७ मध्ये ते रिबेराओ प्रेतो या कॉफीच्या मुलखातल्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्राचे प्राध्यापक झाले. पोर्तुगीज भाषेत त्यांनी या विषयाचं पाठ्यपुस्तक लिहिलं. पण त्यांच्या विभागात खरं शिक्षण व्हायचं ते प्रयोगाच्या टेबलाशी. सर्जिओ फेरेरा हा तिथलाच विद्यार्थी. ब्रॅडिकायनिन रक्तात क्षणभरच टिकतं. त्याची मोडतोड थांबवणारा घटक जराराकाच्या विषातच आहे, हे फेरेरांनी १९६५ मध्ये दाखवलं आणि तो घेऊन ते लंडनला जॉन व्हेन यांच्याकडं गेले. तिथं कळलं, की ब्रॅडिकायनिन मोडणारं एन्झाइमच दुसऱ्या बाजूनं रक्तवाहिन्या आवळणारं द्रव्य तयार करतं. त्याला अडवलं तर दोन्हीकडून दाब कमी होणार. तो घटक तोंडानं घेऊन चालत नव्हता. मग अमेरिकेच्या स्क्विब कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या धर्तीवर कॅप्टोप्रिल बनवलं, आणि १९८१ मध्ये त्याला तिथं परवानगी मिळाली. एनालाप्रिल, रामिप्रिल ही त्याचीच भावंडं.

या गोळीत सापाचं विष नसतं बरं का, ती कारखान्यात बनते. आणि साप चावला तर ती कामाची नाही. तिथं दवाखाना आणि सीरम, दुसरं काही नाही. या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, त्यामागं अंगात साठणारं ब्रॅडिकायनिन असावं असं मानतात. तसं झालं तर गोळी आपल्या मनानं सोडू नका, डॉक्टरांना सांगा. ते दुसऱ्या जातीची देतात.

रोशा इ सिल्वा १९८३ मध्ये वारले. गोळी निघालेली त्यांना बघायला मिळाली. १९४८ च्या त्या संस्थेचं अध्यक्षपद पुढं १९९५ मध्ये फेरेरांकडं आलं.