जिन्याजवळच्या चित्रातला माणूस

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा आपल्या ग्रुपवर दोन महिने तगादा चालू होता. कोड लिहायची सवय लागलेल्या हाताला मराठी परिच्छेद जड जातो, म्हणून मी टाळत होते. शेवटी ठरवलं, आपल्या शाळेच्या जिन्याजवळच्या त्या चित्राबद्दल लिहायचं. तपकिरी झगा, कमरेला दोरी, खांद्यावर पक्षी. आपण त्याला पक्षीवाला बाबा म्हणायचो आणि मधल्या सुट्टीत त्याच्याखाली बसून डबे खायचो. ते संत फ्रान्सिस. डिसेंबरात आपण वर्गावर्गात नाताळचा गोठा मांडायचो, त्या प्रथेचं मूळही याच माणसापर्यंत जातं. हे मला चाळिशीत कळलं.

फ्रान्सिसचा जन्म इटलीतल्या असिसी गावचा, ११८१ किंवा ११८२ सालचा. वडील पिएत्रो बर्नार्दोने कापडाचे मोठे व्यापारी. मुलगा शौकीन, मित्रांवर पैसे उधळणारा, रात्री गाणी म्हणत गल्ल्यांतून हिंडणारा. त्याला सरदार व्हायचं होतं. विशीच्या सुमारास शेजारच्या पेरुजा शहराशी झालेल्या लढाईत तो पकडला गेला, वर्षभर कैदेत राहिला आणि सुटल्यावर बराच काळ आजारी होता. पुढे पुन्हा लढाईला निघाला, पण स्पोलेतो गावाहून परत फिरला.

खरं वळण आलं ते रस्त्यावर. कुष्ठरोग्यांची त्याला विलक्षण किळस होती. त्यांची वस्ती लांबून दिसली तरी तो नाक दाबून घ्यायचा. एकदा घोड्यावरून जाताना एक कुष्ठरोगी अगदी समोर आला. फ्रान्सिस खाली उतरला, त्याला पैसे दिले आणि त्याचं चुंबन घेतलं. नंतर तो त्यांच्या वस्तीतच जाऊ लागला, जखमा धुऊ लागला. शेवटी लिहून ठेवलेल्या मृत्युपत्रात त्याने आपल्या बदलाची सुरुवात कुष्ठरोग्यांपासूनच सांगितली आहे.

पुढचं बऱ्याच जणांना ठाऊक असेल. पडक्या चर्चच्या डागडुजीसाठी त्याने वडिलांचं कापड विकलं. वडिलांनी बिशपसमोर उभं केलं, तेव्हा अंगावरचे कपडेसुद्धा उतरवून त्यांच्या स्वाधीन केले. बरोबर माणसं जमली, १२०९ मध्ये पोप इनोसंट तिसरे यांनी त्यांच्या राहणीला तोंडी संमती दिली. मंडळींनी स्वतःला धाकटे बंधू म्हणवून घेतलं. पैशाला हात लावायचा नाही, काम करायचं, नाही मिळालं तर भिक्षा मागायची, असा त्यांचा नेम. १२१९ मध्ये, धर्मयुद्ध ऐन भरात असताना, तो इजिप्तमध्ये सुलतान अल-कामिल यांना निःशस्त्र भेटून आला.

मला सांगायचं आहे ते १२२३ च्या नाताळाबद्दल. फ्रान्सिस तेव्हा चाळिशी ओलांडलेला, तब्येत खालावलेली, डोळे अधू. नाताळच्या साधारण पंधरा दिवस आधी त्याने ग्रेच्चो गावच्या जोव्हान्नी नावाच्या गृहस्थाला निरोप धाडला. बेथलेहेममध्ये ते मूल किती हालात जन्मलं, हे त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. आमच्या कामात क्लायंटच्या मागण्यांची यादी रोज लांबत जाते. फ्रान्सिसच्या यादीत चारच गोष्टी होत्या : गव्हाण, गवत, एक बैल आणि एक गाढव.

त्या रात्री आसपासची माणसं मशाली आणि मेणबत्त्या घेऊन डोंगर चढून आली. गव्हाणीवरच मिस्सा झाली. फ्रान्सिस धर्मगुरू नव्हता, डीकन होता. त्याने शुभवर्तमान गाऊन वाचलं आणि गरीब जन्मलेल्या राजाबद्दल तो बोलला. नंतर ते गवत लोकांनी जपून ठेवलं. आजारी जनावरांना घातलं, अडलेल्या बाळंतिणींसाठी वापरलं, असं त्याच्या पहिल्या चरित्रकाराने, तोमास चेलानोने, लिहून ठेवलं आहे.

त्याच चरित्रकाराने आणखी दोन गोष्टी दिल्या आहेत. नाताळच्या दिवशी श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावं, बैल आणि गाढवांना जास्तीची वैरण मिळावी, असं फ्रान्सिसला वाटे. बादशहाची गाठ पडली तर पाखरांसाठी रस्त्यांवर धान्य टाकण्याचा हुकूम काढायला सांगेन, असंही तो म्हणे. आणि एकदा जेवताना कुणीतरी मरियेच्या गरिबीची आठवण काढली. तेव्हा तो रडत पाटावरून उठावं तसा टेबलावरून उठला आणि उरलेली भाकरी नुसत्या जमिनीवर बसून खाल्ली.

काही वर्षांपूर्वी मी कामानिमित्त इटलीत असताना डिसेंबरात ग्रेच्चोला जाऊन आले. कड्याला चिकटलेला मठ आहे आणि आत ती लहानशी गुहा. तिथे उभी असताना मला आपल्या दहावीच्या वर्गातला गोठा आठवला.

तुम्हालाही आठवत असेल. प्रत्येकी पाच रुपये वर्गणी, थर्माकोलचे डोंगर, कापसाचा बर्फ, लुकलुकणारी माळ. सजावटीची प्रमुख मी. आपल्या वर्गातल्या एका मुलीला वर्गणी देणं जमलं नव्हतं. तिच्या घरी म्हशी होत्या. ती सकाळी सकाळी गोणीत पेंढा भरून घेऊन आली. मी गोणीत डोकावून नाक मुरडलं. वास येतोय, घाण होईल, असं सगळ्यांसमोर म्हणाले आणि गोणी व्हरांड्यात ठेवायला लावली. गव्हाणीत आम्ही पिवळ्या क्रेप कागदाच्या पट्ट्या घातल्या. आपल्याला पहिला नंबर मिळाला. संध्याकाळी ती गोणी पाठीवर टाकून फाटकातून बाहेर गेली, ते मी पाहिलं होतं.

मी ख्रिस्ती नाही. नाताळचा अर्थ सांगायचा मला अधिकार नाही. पण फ्रान्सिसच्या आयुष्यातला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी कुष्ठरोगी, मग सतरा-अठरा वर्षांनी गव्हाण. ज्याचा वास सहन होत नव्हता त्याच्याजवळ तो आधी गेला, म्हणून त्याला गोठ्यातलं मूल दिसलं. आमच्या गोठ्यात सगळं होतं. खराखुरा पेंढा तेवढा आम्ही बाहेर ठेवला, तोही सणाच्या नावाने.

३ ऑक्टोबर १२२६ रोजी फ्रान्सिस असिसीजवळ वारला. शेवटच्या घडीला त्याने स्वतःला नुसत्या जमिनीवर निजवायला सांगितलं होतं. वय चव्वेचाळीसच्या आसपास, म्हणजे आज आपलं आहे तेवढंच.

त्या मैत्रिणीचं नाव मी इथे लिहीत नाही, वर्गातल्यांना ते कळेल. दहावीनंतर तिची-माझी गाठ नाही आणि आपल्या ग्रुपवर ती नाही. तिचा पत्ता कुणाकडे असेल तर मला कळवा. मेळाव्याचं आमंत्रण घेऊन मी स्वतः तिच्या घरी जाईन. माफी मागायची आहे. ती येईल की नाही, हे तिने ठरवायचं.