शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई

उसाचा हंगाम लागला की माळशिरस तालुक्यात फडाकडेला कोप्या उभ्या राहतात. मायबाप पहाटेच फडात, पोर कोपीत धाकट्याला सांभाळत. हे पाहिले की आम्हाला ताराबाई मोडक आठवतात.

ताराबाई 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या केळकर कुटुंबात जन्मल्या. त्या आपल्या वस्तीतल्या नव्हत्या, हे आधीच सांगतो. 1914 साली बी. ए. झाल्या. पुढे लग्न मोडले. राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयातील प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. माँटेसरीबाईंना लहान मुलांसाठी परीकथा मान्य नव्हत्या. या दोघांनी त्यांची साधने घेतली, पण लोककथा सोडल्या नाहीत.

त्यात मोठे शास्त्र आहे. चिऊ-काऊची गोष्ट ऐकताना पोर चिवचिव, कावकाव करते, म्हणजे च आणि क हे ध्वनी तोंडात घोळवते. मग खरखरीत अक्षरावर बोट फिरवताना ते अक्षर ओळखीचे निघते. आमच्या पिढीने मात्र भ भटजीचा घोकला. भटजी आमच्या दारी कधी आला होता? आणि शेणाचे घर पावसात वाहून गेलेला कावळा चिमणीच्या बंद दाराशी ताटकळतो, तेव्हा वस्तीतले पोर कुणाच्या बाजूने असते, हे वाचकांना सांगायला नको.

1936 साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढले. ते शहरातल्या पांढरपेशा मुलांचे. खरे काम 1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, बोर्डीला सुरू झाले. सोबत अनुताई वाघ. दलित वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. येतील कशी? ज्या पायरीवरून बापाला हाकलले, ती पोर कशी चढेल? ताराबाईंनी मुलांना बोल लावला नाही. बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, खडे हीच साधने. गाणी आणि गोष्टी रोजच्या. हीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या वारली पोरांसाठी शाळा कुरणात गेली.

1962 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या गेल्या. 1975 साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हे नाव देशभर झाले. कोपीतल्या पोराचे नावही अशाच एखाद्या अंगणवाडीच्या हजेरीपटावर असते, गावाकडे, बीडला. पोर इथे, फडाकडेला.