वाटेवरचा माळी : डॉ. विल्यम केरी

चोपड्याकडून पेडणे-डिचोलीच्या डोंगराळ भागात जाणाऱ्या आमच्या पुष्कळ वाचकांनी कुंभ्याचे झाड पाहिले असेल. थंडीत त्याची पाने तांबडी होऊन गळतात. मग लांब केसरांचा झुबका असलेली मोठी फुले येतात आणि सकाळी झाडाखाली त्यांचा सडा पडतो. वनस्पतिशास्त्रात या झाडाचे नाव केरिया असे आहे. डॉ. रॉक्सबर्ग यांनी ते आपले स्नेही डॉ. विल्यम केरी यांच्यावरून ठेवले. केरी गोव्यात कधी आले नाहीत. तरी १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण निघाले, १८११ साली मराठी नवा करार छापला गेला आणि पुढे सेरामपूरहूनच कोकणी नवा करारही बाहेर पडला. भाषांतरकार केरी आपल्याला ठाऊक आहेत. माळी केरींची ओळख मात्र थोड्यांनाच आहे.

१७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील पॉलर्सपरी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. त्यांचे चुलते पीटर हे माळी होते व कॅनडात राहून आले होते. त्यांच्याजवळून या मुलाला झाडांची व दूरदेशांची अशी दोन्ही वेडे लागली. तो धाकट्या बहिणीला बरोबर घेऊन चिखलाच्या वाटांनी हिंडे व एकेक कुंपण निरखून पाही. त्याच्या खोलीत कीटक आणि रोपे यांचीच दाटी असे. त्याला माळी व्हायचे होते. परंतु उन्हाने त्याच्या कातडीला विकार होई, म्हणून त्याला चांभाराच्या हाताखाली घातले. उन्हाला भिणारा हा मुलगा पुढे बंगालच्या उन्हात चाळीस वर्षे राहिला!

पाच महिन्यांचा सागरप्रवास करून केरी नोव्हेंबर १७९३ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. पैसा संपला, आसरा नव्हता. कुटुंबाला घेऊन ते नावेने सुंदरबनाकडे गेले व पुढे मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर नोकरीस लागले. तेथे १७९४ साली त्यांचा पाच वर्षांचा पीटर वारला आणि पत्नी डोरोथी मानसिक आजाराने खचली. त्याच वर्षी त्यांनी विलायतेस पत्र लिहून कोयते, नांगर आणि दरवर्षी भाजीपाल्याचे व फुलांचे बी मागवले. दुःखाने माणूस मातीकडे पाठ फिरवतो. केरींनी मातीत बी पेरले.

१८०० साली ते सेरामपूरला आले आणि तेथे सुमारे पाच एकरांची बाग उभी राहिली. आता त्यांना दूर जाणे होत नसे. म्हणून इतरांच्या प्रवासातून त्यांनी आपली हौस भागवली. मुलगा जाबेझ अंबोयना बेटावर मिशनकार्यासाठी गेला, तेव्हा तेथील रोपे व बी पाठवण्याविषयी ते त्याला लिहीत.

एकदा इंग्लंडहून बियांची पिशवी आली. बी काढून घेतल्यावर केरींनी पिशवीतली उरलेली माती बागेतील सावलीच्या जागी झटकली. काही दिवसांनी तेथे डेझीचे रोप उगवले! मायदेशातल्या रस्त्याकडेचे ते साधे फूल त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ पाहिले नव्हते. त्यांना अपार आनंद झाला. पुढे दरवर्षी बी धरून व पेरून त्यांनी ते फूल जगवले.

मिशनरी माणसाने फुलांत वेळ घालवावा काय, असे कोणी विचारील. केरींनी ही आवड स्वतःपुरती ठेवली नाही. १८२० साली त्यांच्या पुढाकाराने शेती व बागायतीच्या सुधारणेसाठी संस्था स्थापन झाली. रॉक्सबर्ग यांच्या निधनानंतर त्यांचा भारतीय वनस्पतींवरील ग्रंथ केरींनी संपादून छापला.

१८२३ च्या ऑक्टोबरात नावेतून उतरताना पडून त्यांना जबर दुखापत झाली आणि थोड्याच दिवसांत दामोदर नदीच्या पुराने बाग उद्ध्वस्त केली. वयाच्या बासष्टाव्या वर्षी, अंथरुणावर असता, हे सारे गेले. बरे होताच त्यांनी पुन्हा लागवड सुरू केली. अखेरच्या आजारात ते चाकांच्या खुर्चीतून बागेत जात. तेही होईना, तेव्हा माळी रोज त्यांच्याकडे येऊन सल्ला घेई. आपल्यामागे बंधू मार्शमन बागेत गाई सोडतील, एवढीच त्यांना काळजी होती; ती जपण्याचे वचन मार्शमन यांनी दिले. ९ जून १८३४ रोजी केरी प्रभूकडे गेले.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आम्ही सुचवतो की, सहलीला निघाल्यावर मुलांना वाटेवरच्या एकेका झाडाचे नाव विचारावे व जेथे ठाऊक नसेल तेथे गावच्या वडीलधाऱ्यांना विचारायला लावावे. निर्माणकर्त्याची हस्तकृती न्याहाळण्यात गेलेला वेळ वाया जात नाही. जो वाटेवरचे फूल पाहण्यास थांबतो, तो वाटेवरच्या माणसासाठीही थांबायला शिकतो.