कडोळीचे नानाजी

आज हिंगोली जिल्ह्यात असलेल्या कडोळी गावी ११ ऑक्टोबर १९१६ रोजी चंडिकादास अमृतराव देशमुख यांचा जन्म झाला. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले, मामांनी सांभाळ केला. शाळेच्या फीसाठी या मुलाने भाजी विकली. पुढच्या शिक्षणासाठी तो थेट राजस्थानात पिलानीला गेला. शिकायचे तर गाव सोडावे लागते, हे त्याच्या वाट्याला असे कोवळ्या वयात आले.

नंतरचे नानाजी सर्वांना ठाऊक आहेत. संघाचे प्रचारक, जनसंघाचे नेते, १९७७ साली बलरामपूरचे खासदार. त्यांच्या राजकारणाशी मतभेद असणारे पुष्कळ होते आणि आहेत. पण मंत्रिपद नाकारून साठी उलटताच १९७८ साली ते खेड्याकडे वळले, तिथून त्यांचे दुसरे आयुष्य सुरू झाले.

उत्तर प्रदेशातल्या गोंडा जिल्ह्यात पाणी जमिनीखाली फार खोल नव्हते. पण लोखंडी पाइप गरिबाच्या आवाक्याबाहेरचा. नानाजींनी बांबूच्या कूपनलिका बसवून घेतल्या. पुढे ते चित्रकूटला गेले, तर तिथे सारेच उलटे. खडकाळ डोंगर, उतारावरून पळून जाणारा पाऊस. तिथे उपसा नव्हे, अडवणे हाच उपाय होता. माती आणि पाणी पाहूनच उपाय ठरवावा लागतो, हे पर्यावरणाचे शिक्षण पुस्तकातून थोडेच मिळते!

चित्रकूटला १९९१ साली ग्रामोदय विश्वविद्यालय उभे राहिले, ते त्यांच्याच ध्यासातून. पण त्यांची खरी कल्पकता दिसली ती ‘समाजशिल्पी दांपत्य’ या योजनेत. पदवीधर तरुण जोडप्याने काही वर्षे खेड्यातच संसार मांडायचा आणि आसपासची चार-पाच गावे सांभाळायची. पाणी अडवणे, शेणखत, परसबाग, फळझाडे, मुलांची शाळा, गावातले तंटे गावातच मिटवणे, असे सारे त्यात आले. जोडपे असल्याने चुलीपाशीही बोलणे होई. शिवाय गावची विहीर आटली की यांचाही हंडा रिकामा. ज्याला त्या पाण्यावर जगायचे आहे, त्यालाच त्याची किंमत कळते.

२७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूटलाच त्यांचे निधन झाले. देहही त्यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी देऊन टाकला होता. २०१९ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले.

कडोळीच्या मुलुखातली मुले आजही शिकायला नांदेड, संभाजीनगर, पुणे गाठतात. जावेच, नानाजीही गेले होते. पण कयाधूच्या काठी हळद पिकवायला किती पाणी लागते, ते येते कुठून आणि जाते कुठे, हा हिशेब ती जाण्यापूर्वी शिकली आहेत का? आणि शिकून परत येणाऱ्यासाठी गावात आपण काय राखून ठेवले आहे? पुरस्काराचा आनंद जिल्ह्याने जरूर मानावा. मात्र ही दोन उत्तरे घराघरांत शोधायची आहेत, आणि ती मुलांना बरोबर घेऊनच.