सोने, रुपया आणि बाबासाहेब : बहिणीच्या दागिन्यापासून संविधानाच्या कलमापर्यंत

परभणी जिल्ह्यात महिला बचत गटांबरोबर काम करताना आम्हाला सध्या एक प्रश्न सारखा विचारला जातो. सोन्याने 2025 मध्ये तोळ्यामागे लाखाचा टप्पा ओलांडला, रुपया डॉलरपुढे घसरतो आहे, सरकारवरचे कर्ज वाढते आहे असे बातम्यांत ऐकू येते. मग गटातून कर्ज काढून सोने घेऊन ठेवावे का? विचारणाऱ्या ताई शेतमजुरी करणाऱ्या असतात. त्यांच्या प्रश्नाला हसून चालत नाही. पैशाची किंमत कमी होते म्हणजे काय होते, हे त्यांच्याइतके कोणालाच कळत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही पुन्हा बाबासाहेबांच्या चरित्राकडे गेलो. संविधानाचे शिल्पकार, धम्मक्रांतीचे प्रणेते म्हणून आपण त्यांना रोज वंदन करतो. पण सोने, चलन आणि सरकारी कर्ज या विषयांवर त्यांनी उमेदीची वर्षे खर्ची घातली, हे आपल्या जयंतीच्या भाषणांत एका ओळीत संपते. ते चरित्र या बाजूने सांगण्याचा हा प्रयत्न.

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झालेले, उत्पन्न म्हणजे पेन्शन. कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत आल्यावर भीमाला पुस्तकांची ओढ लागली. घरात पैसा नसायचा. तेव्हा रामजीबाबा लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीकडे जायचे, तिचा एखादा दागिना मागून आणायचे, सावकाराकडे गहाण ठेवायचे आणि पुस्तक घेऊन घरी यायचे. पेन्शन हाती आली की दागिना सोडवून मुलीला परत. सोने अडचणीत कसे उपयोगी पडते आणि त्यावर सावकाराचा हात कसा असतो, हे बाबासाहेबांनी अर्थशास्त्राच्या वर्गात बसण्याआधीच पाहिले होते.

1907 मध्ये ते मॅट्रिक झाले, 1912 मध्ये बी.ए. झाले. 1913 च्या फेब्रुवारीत रामजीबाबा गेले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. तिथे अर्थशास्त्र हाच त्यांचा मुख्य विषय होता. 1916 मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये अभ्यास अर्धा सोडून परतावे लागले. बडोद्याच्या नोकरीत जातीने छळ केला. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी प्राध्यापकी केली, पैसे साठवले. 1920 च्या जानेवारीत मूकनायक सुरू केले. मग शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांच्या बळावर त्याच वर्षी ते पुन्हा लंडनला गेले.

त्या दोन वर्षांत रुपयाने काय केले ते पाहा. 1920 च्या सुरुवातीला एका रुपयाला अडीच शिलिंगांहून जास्त मिळत होते. 1921 मध्ये तोच रुपया दीड शिलिंगाच्याही खाली आला. रुपयांत कर्ज काढून लंडनमध्ये पौंडांत खर्च करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ही काही पुस्तकी गोष्ट नव्हती. अर्धपोटी राहून, ग्रंथालयात दिवस काढून त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता रुपयाचा प्रश्न. परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला लावला. 1923 मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली आणि त्याच वर्षी लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने तो ग्रंथ छापला. त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीत आपण काही मुद्द्यांवर सहमत नाही, हेही नोंदवले.

या ग्रंथात आहे काय? 1835 पासून ब्रिटिश हिंदुस्थानात चांदीचा रुपया चालत होता. इंग्लंडचा पौंड मात्र सोन्याशी बांधलेला. 1873 नंतर जगात चांदीचा भाव कोसळला. 1870 च्या सुमारास एका रुपयाला दोन शिलिंगांच्या आसपास मिळत होते. 1890 च्या दशकाच्या मध्यात तेरा-चौदा पेन्सच उरले. हिंदुस्थान सरकारला कर्जावरचे व्याज, अधिकाऱ्यांच्या पेन्शनी आणि इतर खर्चापोटी लंडनला दरवर्षी मोठी रक्कम पौंडांत पाठवावी लागे. एका पौंडासाठी जिथे दहा रुपये पुरत होते, तिथे सतरा-अठरा लागू लागले. कर्ज तेच, पण त्याचे ओझे वाढले. आणि ते ओझे उतरवायला कर रयतेकडूनच.

1893 मध्ये सरकारने लोकांनी चांदी आणून नाणी पाडून घेण्याची सोय बंद केली. नाणी पाडण्याचा अधिकार फक्त सरकारकडे राहिला. पुढे परदेशी देण्यांपुरता रुपया सोन्याशी जोडला गेला. देशात मात्र सरकार हवे तितके रुपये काढू शकत होते. केन्ससारख्या अर्थतज्ज्ञाने 1913 मध्ये या व्यवस्थेची बाजू घेतली होती. बाबासाहेबांनी ती खोडून काढली. त्यांचा मुद्दा असा की चलन किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडले तर ते वाढत जाते, भाव चढतात आणि मजुरी मागे राहते. म्हणून रुपये पाडणे सरकारसाठीही पूर्ण बंद करावे, सोन्याचे नाणे पाडावे आणि रुपया व सोन्याचे नाणे यांचे प्रमाण कायद्याने ठरवून द्यावे, असा त्यांनी उपाय सुचवला.

इथे आपण थांबले पाहिजे. बाबासाहेबांना सोने हवे होते ते पेटीत ठेवायला नव्हे. सोने हा त्यांच्यासाठी सरकारच्या हाताला घातलेला लगाम होता.

15 डिसेंबर 1925 रोजी त्यांनी चलनविषयक रॉयल कमिशनपुढे, म्हणजे हिल्टन यंग कमिशनपुढे साक्ष दिली. वय अवघे 34. त्या वेळी वाद होता रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स असावा की सहा पेन्स. मुंबईच्या व्यापारी आणि गिरणीमालक वर्गाला स्वस्त रुपया हवा होता. बाबासाहेबांनी विचारले की रुपया स्वस्त झाल्याने फायदा कोणाचा होतो. भाव वाढले की मालकाची कमाई वाढते आणि पगारावर जगणाऱ्याची खरी कमाई घटते. तो नफा दुसऱ्या देशाकडून येत नाही, याच देशातल्या कामगाराच्या ताटातून येतो. म्हणून दर दोन्हींच्या मध्ये, पण सहा पेन्सच्या जवळ असावा असे त्यांचे मत होते.

आपल्याकडे रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या ग्रंथावर उभी राहिली असे सरसकट सांगितले जाते. मित्रांनो, अभिमान असावा, पण नेमका असावा. 1926 च्या अहवालात कमिशनने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. 1934 मध्ये कायदा झाला आणि 1 एप्रिल 1935 रोजी बँक सुरू झाली. बाबासाहेबांची सोन्याच्या नाण्याची सूचना मात्र कमिशनने स्वीकारली नाही. त्यांचे मोठेपण वेगळे आहे. चलनाच्या चर्चेत मजुराच्या बाजूने उभे राहून त्यांनी साक्ष दिली, तीही सगळ्या तज्ज्ञांच्या भाषेत.

सोन्याची दुसरी बाजूही ते विसरले नाहीत. गावगाड्यात आपल्या माणसाने सोने-चांदी अंगावर घालणे हाच गुन्हा होता. इंदूर भागातल्या बलाई समाजाच्या स्त्रियांवर दागिन्यांची बंदी घातली गेली, याची नोंद त्यांनी जातिप्रथेचे निर्मूलन या आपल्या भाषणात केली. 1927 च्या डिसेंबरमध्ये महाडला त्यांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितले की अस्पृश्यतेची खूण ठरलेले ते जड, हलक्या धातूचे दागिने टाकून द्या. घालायचेच तर सोन्याचे घाला, नाहीतर काहीच नको. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सोने बाळगूच दिले नाही, त्यांच्याकडे वाईट दिवसासाठी राखीव असणार तरी काय?

1931 च्या सप्टेंबरमध्ये बाबासाहेब दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये होते. 21 सप्टेंबरला ब्रिटनने पौंडाचे सोन्याशी असलेले नाते तोडले आणि रुपया पौंडालाच बांधलेला राहिला. रुपयांत सोन्याचा भाव चढला. जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळलेले, सारा आणि व्याज मात्र तेवढेच. मग खेड्यापाड्यांतून दागिने निघाले आणि बोटींनी देशाबाहेर गेले. शेतकऱ्याने सोने नफ्यासाठी विकले नाही, देणे भागवायला विकले. गरिबाचे सोने बहुधा असेच जाते.

तेव्हा आपला परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. इथे रुपयेही दोन होते : निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कल्दार. सात हाली म्हणजे सहा कल्दार. मजुरी एका नाण्यात आणि बाजार दुसऱ्या नाण्यात असला की हिशेबात कोण नागवला जातो, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. 1950 च्या दशकाअखेर हाली पूर्णपणे बाद झाली.

रमाईंची आठवण इथे यायलाच हवी. धारवाडच्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटात अन्न नाही हे कळल्यावर त्यांनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, असे आपल्याकडे सांगतात. 27 मे 1935 रोजी रमाई गेल्या.

पुढे सत्तेच्या जागी आल्यावर बाबासाहेबांनी तोच लगाम वेगळ्या रूपात आणला. मजूरमंत्री असताना 1946 मध्ये त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. 1948 मध्ये तो कायदा झाला. संविधानाच्या 292 व्या कलमाने केंद्र सरकारच्या कर्जाला मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला. संसदेने तो अधिकार गांभीर्याने वापरावा, अशी अपेक्षा त्यांनी संविधान सभेत व्यक्त केली. सरकारी खर्च तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे पद त्यांनी अत्यंत महत्त्वाचे मानले. जो लगाम 1923 मध्ये सोन्याचा होता, तो 1950 मध्ये कायद्याचा झाला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि 6 डिसेंबरला ते गेले.

आता बचत गटातल्या ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. सोन्याने आजवर रुपयापेक्षा किंमत जास्त टिकवली, हे खरे आहे. 1991 मध्ये तोळ्याचा भाव साडेतीन हजारांच्या घरात होता. त्याच वर्षी परकीय देणी भागवायला भारत सरकारलाही सोने गहाण ठेवावे लागले आणि रुपयाचे अवमूल्यन झाले. तेव्हा हातात शिल्लक असेल तर ग्रॅम-दोन ग्रॅम घ्या, पावती घ्या, ताईंच्या नावावर घ्या. पण कर्ज काढून सोने घेऊ नका. लग्नात मिरवायला तर मुळीच नको. भाव खाली आला, कामाचा हंगाम गेला, तर सोनेही जाईल आणि हप्ताही राहील. गल्लीतल्या सोन्याच्या भिशीत कष्टाचा पैसा घालू नका.

आणि कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. सोने घेऊन फार तर एक घर सावरते. सोने नसलेल्या घराला सावरते ती योग्य मजुरी, काबूत राहिलेली महागाई आणि सरकारी पैशाचा चोख हिशेब. जिल्हा नियोजन समितीत अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी किती आला, किती खर्चला, किती परत गेला, हे विचारायला आपल्यातले किती जण जातात? रुपयाचा तो ग्रंथ महाराष्ट्र शासनाने छापलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या सहाव्या खंडात आहे. येत्या वर्षावासात विहारात आठवड्याला एक प्रकरण मराठीतून समजावून घेऊन वाचायला काय हरकत आहे? रामजीबाबांनी मुलीचा दागिना गहाण ठेवला तो पुस्तकासाठीच.

जय भीम!