माल्डनचे मास्तर

वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक १९८१ साली निघाले आणि जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी घराघरांत पोहोचले. त्या कार्व्हरला १८९६ साली टस्कीगीच्या विद्यालयात बोलावून घेणारे गृहस्थ म्हणजे बुकर टी. वॉशिंग्टन. टस्कीगीचे संस्थापक म्हणून त्यांची थोरवी सर्वांना ठाऊक आहे. परंतु टस्कीगीच्या आधी माल्डन नावाच्या एका लहानशा गावात त्यांनी मास्तरकी केली, तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत गोड काळ तोच होय, आणि शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना तो अधिक जवळचा वाटेल.

बुकरचा जन्म १८५६ साली व्हर्जिनिया प्रांतातील एका शेतावर गुलामीत झाला. आई जेन ही मालकाची स्वयंपाकीण. १८६५ साली युद्ध संपून गुलामांना मुक्ती मिळाली, तेव्हा हे कुटुंब वेस्ट व्हर्जिनियातील माल्डन येथे सावत्र वडिलांकडे गेले. ते तेथे मिठाच्या भट्टीवर कामाला होते. लहानग्या बुकरलाही तेथेच जुंपण्यात आले. वडिलांच्या पिंपांवर १८ हा आकडा टाकीत असत. बुकरला वाचता आलेले पहिले अक्षर म्हणजे हा आकडा. पुढे आईने कोठून तरी मुळाक्षरांचे एक पुस्तक पैदा केले. तिला स्वतःला वाचता येत नव्हते, आणि आसपासच्या त्यांच्या लोकांत शिकवू शकेल असे कोणीच नव्हते. गावात शाळा निघाली तरी वडील मजुरी सोडू देईनात. तेव्हा रात्री मास्तरांकडे जाऊन शिकावे आणि पुढे पहाटेपासून नऊ वाजेपर्यंत काम करून शाळेला पळावे, असा क्रम चालला. नंतर कोळशाच्या खाणीतही राबावे लागले.

१८७२ साली हॅम्प्टन येथील विद्यालयाकडे तो निघाला, तेव्हा गावातील म्हातारी मंडळी त्याला निरोप द्यायला आली. गुलामीत उभा जन्म काढलेली ही माणसे! कोणी पाच सेंटचे नाणे दिले, कोणी हातरुमाल दिला. आपल्यातले एक मूल वसतिगृहात राहून शिकणार, हे आपल्या डोळ्यांनी पाहायला मिळेल असे त्यांना कधी वाटले नव्हते. सुमारे पाचशे मैलांचा प्रवास. रिचमंड शहरात पैसे संपले, तेव्हा लाकडी पदपथाखाली निजून आणि जहाजावरील माल उतरवून त्याने दिवस काढले. हॅम्प्टनला पोहोचला तेव्हा खिशात पन्नास सेंट होते. मुख्य शिक्षिका मिस मॅकी यांनी प्रवेशपरीक्षा म्हणून एक खोली झाडावयास सांगितली. त्याने ती तीनदा झाडली आणि चारदा पुसली. बाईंनी रुमालाने भिंती व बाके तपासली, धुळीचा कण सापडला नाही, आणि प्रवेश मिळाला. वसतिगृहातील बिछान्यावर दोन चादरी असत. पहिल्या रात्री तो दोन्हींच्या खाली निजला, दुसऱ्या रात्री दोन्हींच्या वर. इतर मुलांकडे पाहून तिसऱ्या रात्री त्याला खरी रीत समजली. ही गोष्ट वाचून हसू येते खरे. पण घरात कधी चादर न पाहिलेल्या मुलाला मोठ्या विद्यालयात पाय ठेवताना पुस्तकांपेक्षा अशाच गोष्टींची अधिक धास्ती वाटते.

१८७५ साली हॅम्प्टनचे शिक्षण संपवून बुकर माल्डनला परतला तो त्याच शाळेचा शिक्षक होऊन. पगार होता तो दिवसाच्या शाळेपुरता. मास्तरांचा दिवस मात्र सकाळी आठला सुरू होऊन बहुधा रात्री दहाला संपे. दिवसभर कामावर असणाऱ्यांसाठी त्यांनी रात्रशाळा उघडली. तिची संख्या दिवसाच्या शाळेच्या जवळपास गेली. पन्नाशी उलटलेले स्त्रीपुरुषही तिच्यात अक्षरे गिरवीत. गावात एक लहानसे वाचनालय आणि वादविवाद मंडळ सुरू झाले. रविवारी दोन शब्बाथ शाळा: सकाळी तीन मैलांवरच्या एका वस्तीत, दुपारी माल्डनमध्ये. रविवारी एकच वर्ग घेऊन आपण थकतो, म्हणून ही नोंद मुद्दाम केली. मुलांना केस विंचरणे, हातपाय व तोंड धुणे, अंघोळ, दात घासणे हेही ते शिकवीत. दातांच्या ब्रशवर तर त्यांचा भारीच कटाक्ष असे.

या सर्वांहून निराळे असे एक काम ते करीत. हॅम्प्टनला जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांची ते खाजगी तयारी करून घेत. पैशाचा प्रश्नच नव्हता. शिकू इच्छिणारा कोणीही येवो, आपल्याला येते ते त्याला द्यावयाचे.

त्यांचा पहिला विद्यार्थी घरातलाच होता. बुकर हॅम्प्टनला शिकत असताना थोरला भाऊ जॉन कोळशाच्या खाणीत राबत राहिला आणि मिळकतीतून भावाला मदत करीत राहिला. स्वतःचे शिक्षण त्याने बाजूला ठेवले होते. आता धाकट्याने थोरल्याला शिकवून तयार केले आणि हॅम्प्टनला धाडले. नंतर दोघांनी मिळून दत्तक घेतलेल्या जेम्स या भावालाही तेथे पाठविले. भावांखेरीज चार हुशार मुले निवडून त्यांच्यावर मास्तरांनी विशेष मेहनत घेतली. ही मुले हॅम्प्टनला गेली, तेव्हा त्यांची तयारी इतकी चांगली निघाली की त्यांना वरच्या वर्गांत घेण्यात आले. त्यांच्यापैकी सॅम्युएल कोर्टनी पुढे बोस्टन शहरात डॉक्टर झाले आणि तेथील शाळामंडळाचे सभासदही झाले.

इतकी पक्की मुले पाठविणारा शिक्षक कोण, याची हॅम्प्टनने दखल घेतली. १८७९ साली संस्थाप्रमुख जनरल आर्मस्ट्राँग यांनी बुकरना शिक्षक म्हणून बोलावून घेतले. तेथे त्यांच्याकडे एक नवी रात्रशाळा सोपविण्यात आली. जेवणखाणाचा खर्चही देऊ न शकणारी मुलेमुली दिवसा दहा तास लाकूड कापण्याच्या गिरणीत किंवा धुलाईघरात काम करीत आणि रात्री दोन तास शिकत. त्यांची मजुरी जमा होत राही व एकदोन वर्षांनी दिवसाच्या वर्गात जाताना त्यांच्या कामी येई. बारा जणांनी सुरुवात झाली. दिव्याची वेळ संपली तरी ती मुले आणखी शिकवा म्हणून मागे लागत. बुकरनी त्या वर्गाला हिंमतवाल्यांचा वर्ग असे नावच ठेवले.

यानंतरचे चरित्र प्रसिद्धच आहे. ४ जुलै १८८१ रोजी अलाबामातील टस्कीगी येथे तीस विद्यार्थ्यांनिशी शाळा उघडली. छप्पर असे गळे की पावसात एखादा विद्यार्थी मास्तरांवर छत्री धरून उभा राही. विटांची भट्टी तीनदा फसली. चौथ्या खेपेसाठी त्यांनी स्वतःचे घड्याळ पंधरा डॉलरला गहाण टाकले. १८९५ साली अटलांटा येथे त्यांनी भाषण करून आपल्या लोकांना आधी उद्योगधंद्यात पाय रोवण्याचा सल्ला दिला, आणि राजकीय हक्कांची मागणी मागे पडली म्हणून १९०३ साली डु बॉय यांनी त्यांच्यावर कडक टीका केली. ती टीका वजनदार होती आणि ती झटकून टाकता येत नाही. मताधिकार हिरावणाऱ्या कायद्यांविरुद्धच्या खटल्यांना बुकर गुप्तपणे पैसे पुरवीत होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी कागदपत्रांवरून उजेडात आले.

१८८४ साली टस्कीगीतही रात्रशाळा निघाली, हॅम्प्टनच्याच धर्तीवर आणि जेमतेम डझनभर विद्यार्थ्यांवर. १९०१ साली तिच्या पटावर ४५७ नावे होती. १४ नोव्हेंबर १९१५ रोजी बुकर वॉशिंग्टन टस्कीगीतच वारले. खाणीत राबून ज्याने धाकट्याला शिकविले, तो जॉन टस्कीगीच्या सर्व उद्योगशाळांचा प्रमुख झाला, आणि जेम्स तेथील टपालकचेरी सांभाळीत असे.